साताला दोनानं भागताना

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत
असं ज्यानं म्हटलं
त्यानं आमचा सर्व्हर पाहिला नव्हता.

सिव्हिल लाइन्स, भूजलाचं ऑफिस, दुसरा मजला.
एसी तिसऱ्यांदा बंद. बाहेर पंचेचाळीस.
दारात कूलर, पण त्याचं तोंड
मशीनकडे नाही, माझ्या पाठीकडे.
ओल मला चालते, त्याला नाही.

मागच्या मे महिन्यात हात पोळून घेतलाय मी.
जुनं पायथन काढलं, त्याच जागी नवं ठेवलं,
सणाआधी माळा झाडावा तसं,
आणि अर्धी सिस्टिम मुकी झाली.
नवं काही बसवायचं जे अवजार
तेच त्या जुन्याच्या खांद्यावर उभं होतं.
मला कोणी सांगितलं नाही.
लिहिलेलं होतं म्हणे कुठेतरी.
रात्री दोनला सोनकुसरे वॉचमननं
डब्यातली अर्धी भाकरी दिली, वर ठेचा,
आणि विचारलं, मॅडम, कोणी गेलं का?

म्हणून या खेपेला घाई नाही.
ऑप्टमध्ये दोन खोल्या पाडल्या, भिंत मध्ये.
पत्ता तीनदा वाचला, मग एंटर.
मेक इन्स्टॉल नाही. मेक ऑल्टइन्स्टॉल.
म्हणजे ये, राहा, सामान लाव,
पण घरातल्या कोणाच्या नावावर हात टाकू नको.

आणि पाथ? ऋजुता लांजेवार विचारते,
नवी आहे, परवाच रुजू झाली.
म्हटलं, समज इतवारीत एकाच नावाची
दोन चिवड्याची दुकानं.
बडकस चौकाकडून आलीस तर आधी हे लागेल,
गांधीबागेकडून आलीस तर ते.
पाटी दोघांचीही सारखी.
तू ज्या वाटेनं येशील
तोच तुझ्यापुरता असली.

तिला नवं हवं, तिचे नकाशे जुन्यावर उघडत नाहीत.
आणि जुनं ठेवावंच लागतं
हेडाऊ सरांच्या प्रोग्रामसाठी, दोन हजार नऊचा.
विहिरीच्या दोन नोंदी, त्यांची बेरीज, भागिले दोन.
एक फाइल कोर्टात आहे,
तिचा आकडा तेव्हा आला तसाच आज यायला हवा.

चाचणी म्हणून जुन्याला विचारलं, सात भागिले दोन.
तीन, तो म्हणाला. न अडखळता.
नव्याला विचारलं. साडेतीन.

साडेतीन हात म्हणतात माणसाचा देह.
जुन्याच्या हिशेबात पाय उघडे राहतात.

संध्याकाळी सर आले, पेन्शनच्या कागदांसाठी,
तोंडाला दुपट्टा, हेल्मेट काखेत.
काय करून राहिली तू, उके?
मी उठून खुर्ची दिली.
त्यांनी दोन बोटांनी जुनं उघडलं, मग नवं.
मधल्या त्या अर्ध्याकडे बघत राहिले.
सगळ्या नोंदी पूर्णांकातच घेत होतो ना जी आपण,
ते म्हणाले, माझ्याकडे न बघता.
म्हणजे कागदावर पाणी
दर दुसऱ्या विहिरीत अर्धा सेंटिमीटर वर.

अर्धा सेंटिमीटर काही नाही, मी म्हटलं.
काही नाही, तेही म्हणाले.
किती विहिरी होत्या तेव्हा?
मला माहीत होतं. सांगितलं नाही.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला.
आकडा न लावता नुसतं नाव घेतलं,
तर दोघांतलं ओ कोण देतं?

त्यांच्यासमोरच ती लिंक काढली.
सिस्टिमचं तिच्यावाचून अडत नाही,
हे यंदा आधी तपासलं होतं.
आता नुसत्या नावाला इथं कोणी ओ देत नाही.
कोणतं हवं ते सांगावं लागतं.

सर दुपट्टा बांधत जिना उतरले.
कूलरचं पाणी संपलं होतं, पंप कोरडा घरघरत होता.
मी बादली घेऊन खाली गेले.
नळाला जेवढं आलं तेवढं भरलं,
अर्ध्याहून थोडं कमी.